आधी दात, मग हाड : पुढच्या दातांच्या रोपणाचा आराखडा कसा उलटा झाला

#धागा #इतिहास

१/
वरच्या जबड्यातील पटाशीच्या दातांना ओठाच्या बाजूने हाडाची जी भिंत असते, ती बहुतेक माणसांत एक मिलिमीटरहूनही पातळ असते. तीन-चार पोस्टकार्डे एकावर एक ठेवावीत, साधारण तेवढी. गेलेल्या दाताच्या जागी टायटॅनियमचा स्क्रू बसवायचा तो या भिंतीच्या आड. तो नेमका कोठे, किती खोल आणि कोणत्या कोनात जाईल, हे आज हिरडीला हात लावण्याआधीच संगणकाच्या पडद्यावर ठरवता येते.

२/
या डिजिटल आराखड्याचा इतिहास बहुधा यंत्रांचा इतिहास म्हणून सांगितला जातो : एक्स-रे आला, सीटी आली, त्रिमितीय छपाई आली. पण त्याच्या गाभ्याशी एका प्रश्नाची उलथापालथ आहे. दीर्घकाळ दंतवैद्य विचारत होते, "हाड कोठे आहे?" विसाव्या शतकाच्या अखेरीस ते विचारू लागले, "दात कोठे दिसायला हवा?" ही उलथापालथ घडवली ती तोंडातील सर्वांत पुढच्या, सर्वांच्या नजरेस पडणाऱ्या दातांनी.

३/
पुढच्या दाताची उणीव माणसाला फार पूर्वीपासून सलत आली आहे. इटलीतील एट्रुस्कन लोकांच्या थडग्यांत इसवी सनापूर्वी सातव्या शतकापासूनच्या सोन्याच्या पट्ट्या सापडल्या आहेत. शेजारच्या दातांना वेढून त्यांत परका दात अडकवलेला असे. ज्या अवशेषांचे लिंग ओळखता आले ते बहुतेक स्त्रियांचे आहेत आणि बदललेले दात प्रामुख्याने पटाशीचे आहेत. चावण्यापेक्षा दिसणे महत्त्वाचे होते, हे उघड आहे.

४/
हाडात काही रोवण्याचा एक जुना पुरावा मध्य अमेरिकेतला आहे. १९३१ साली होंडुरासमधील प्लाया दे लोस मुएर्तोस येथे विल्सन व डोरोथी पोपेनो यांना खालच्या जबड्याचा एक तुकडा मिळाला. काळ इसवी सन ६०० च्या सुमाराचा. पटाशीच्या तीन दातांच्या जागी शिंपल्याचे घडवलेले तुकडे बसवलेले होते. प्रथम तो मृत्यूनंतरचा संस्कार मानला गेला.

५/
१९७० च्या सुमारास ब्राझीलचे अमादेओ बोबियो यांनी त्या जबड्याचे एक्स-रे काढले. शिंपल्यांभोवती नवे घट्ट हाड तयार झालेले त्यांना दिसले. त्यांच्या मते हे रोपण जिवंत माणसात झाले होते. हा निष्कर्ष खरा मानला, तर शिंपला घासून दाताचा आकार देणाऱ्या त्या अनाम कारागिराने आधी शेजारच्या दाताकडे पाहिले असणार. आराखडा होता, तो फक्त डोळ्यांत होता.

६/
अठराव्या शतकातील लंडनमध्ये हा प्रश्न वेगळ्या, अधिक क्रूर मार्गाने सोडवला गेला. शल्यविशारद जॉन हंटर यांनी दातांविषयीचा आपला ग्रंथ १७७१ आणि १७७८ अशा दोन भागांत प्रसिद्ध केला. माणसाचा दात कोंबड्याच्या तुऱ्यात रोवून त्यांनी प्रयोग केला होता. एका माणसाचा जिवंत दात काढून तो दुसऱ्याच्या ताज्या खळग्यात बसवण्याच्या पद्धतीला त्यांच्या नावामुळे प्रतिष्ठा मिळाली. एकच मूळ असलेले पुढचे दात त्यासाठी सोयीचे ठरत.

७/
आता खळग्यात दात नेमका बसेल याची खात्री कशी करायची? हंटर यांचा सल्ला व्यवहारी होता : दात देणारी अनेक माणसे हाताशी ठेवावीत, म्हणजे पहिल्याचा दात बसला नाही तर दुसऱ्याचा बसेल. एका श्रीमंत तोंडाचे माप घेण्याचे साधन म्हणजे रांगेत उभी केलेली गरिबांची तोंडे. आराखडा नसला की त्याची किंमत कोणी ना कोणी चुकवतो. येथे ती चुकवणारे ठरलेले होते.

८/
१७८७ साली व्यंगचित्रकार टॉमस रोलँडसन याने हे दृश्य चितारले. धुराडी साफ करणाऱ्या काजळलेल्या पोराचा दात उपटला जात आहे आणि तो ज्यांच्या तोंडी जाणार त्या प्रतिष्ठित मंडळींचा थाट शेजारीच आहे. ही पद्धत पुढे मागे पडली ती केवळ लाजेमुळे नाही. असे दात फार काळ टिकत नसत आणि त्यांच्यासोबत उपदंशासारखे रोग येतात, ही भीती पसरली होती.

९/
मग धातूंची पाळी आली. १८०९ साली माजिओलो याने सोन्याचे कृत्रिम मूळ जबड्यात बसवून पाहिले. १९३० च्या दशकाच्या अखेरीस बॉस्टनमध्ये ॲल्विन स्ट्रॉक यांनी अस्थिशल्यचिकित्सेत वापरल्या जाणाऱ्या व्हायटॅलियम या कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूचे स्क्रू वापरले. काही टिकले, अनेक सुटले. या साऱ्या प्रयत्नांत एक उणीव समान होती : हाताखालच्या हाडाची खरी रुंदी कोणालाच ठाऊक नसे.

१०/
आत पाहण्याची पहिली खिडकी १८९५ च्या नोव्हेंबरमध्ये उघडली. राँटगेन यांचा शोध जाहीर होऊन काही आठवडेच झाले होते, तेव्हा जानेवारी १८९६ मध्ये जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथे दंतवैद्य ओटो वाल्कहॉफ यांनी स्वतःच्या तोंडात काचेची प्रकाशपट्टी धरली. २५ मिनिटे ते निश्चल राहिले. दातांचा पहिला एक्स-रे असा निघाला.

११/
या खिडकीचेही मोल द्यावे लागले. न्यू ऑर्लिन्सचे दंतवैद्य एडमंड केल्स १८९६ पासून एक्स-रे काढत होते. नळीचा प्रकाश जुळवण्यासाठी ते स्वतःचाच हात किरणांत धरत. पुढे कर्करोग झाला. आधी बोटे गेली, मग हात गेला. १९२८ साली त्यांनी आपले जीवन संपवले. दंतवैद्यकातील प्रत्येक स्कॅनमागे 'याची खरोखर गरज आहे का' हा प्रश्न विचारला जातो, त्याचे मूळ अशा आयुष्यांत आहे.

१२/
शिवाय एक्स-रे म्हणजे सावली. सावलीत उंची व रुंदी दिसते, जाडी दिसत नाही. मागच्या दातांसाठी ही अडचण काही अंशी सोसता येत असे. पुढच्या दातांत मात्र सारा प्रश्न जाडीचाच आहे : ओठाकडून टाळूकडे हाड किती मिलिमीटर आहे? नेमके हेच उत्तर सपाट चित्र देऊ शकत नव्हते. ओपीजी नावाने परिचित असलेला संपूर्ण जबड्याचा एक्स-रेदेखील ते देत नाही.

१३/
दरम्यान हाडाने धातूला स्वीकारण्याचे कोडे दुसरीकडेच सुटले. १९५२ साली स्वीडनमधील लुंड येथे पेर-इंगवार ब्रोनेमार्क सशाच्या पायाच्या हाडातील रक्ताभिसरण पाहत होते. त्यासाठी टायटॅनियमची एक सूक्ष्म कुपी हाडात बसवली होती. प्रयोग संपल्यावर ती निघेना. हाड तिला घट्ट चिकटले होते. या संयोगाला पुढे त्यांनी 'ऑसिओइंटिग्रेशन' हे नाव दिले.

१४/
१९६५ साली गोथेनबर्ग येथे योस्ता लार्सन या चौतिशीतील गृहस्थाच्या खालच्या जबड्यात त्यांनी टायटॅनियमचे चार स्क्रू बसवले. लार्सन यांच्या जबड्यात जन्मतः व्यंग होते. नीट खाणे-बोलणे अवघड होते. २००६ साली त्यांचे निधन झाले तोपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ, त्या स्क्रूंनी त्यांची सोबत केली. १९८२ च्या टोरोंटो परिषदेनंतर उत्तर अमेरिकेतील दंतवैद्यकानेही ही पद्धत स्वीकारली.

१५/
त्या काळातील आराखडा साधा होता. हिरडी उघडायची, हाड डोळ्यांनी पाहायचे, जेथे भरपूर असेल तेथे स्क्रू बसवायचे, काही महिने हिरडीखाली विसावू द्यायचे आणि मग त्यांवर दातांची पट्टी चढवायची. स्वच्छता करता यावी म्हणून ही पट्टी हिरडीपासून थोडी उंच ठेवली जाई. खाली फट दिसे. पण खालचा ओठ ती झाकून टाकी. हाड सांगेल तेथे स्क्रू आणि स्क्रू सांगेल तेथे दात, असा हा क्रम होता.

१६/
हा क्रम चुकीचा नव्हता. ज्याला एकही दात नाही अशा माणसाला घास चावता येणे, हीच मोठी गोष्ट होती. अडचण सुरू झाली ती उपचार यशस्वी झाल्यामुळे. ज्यांचे बाकी सर्व दात शाबूत आहेत आणि अपघातात किंवा खेळताना पुढचा एकच दात गेला आहे, असे तरुण रुग्ण आता येऊ लागले. त्यांना चावता येतच होते. त्यांना हसता यायला हवे होते.

१७/
येथे यशाच्या जुन्या व्याख्येला तडा गेला. स्क्रू दगडासारखा पक्का, एक्स-रे निर्दोष. पण कॅप शेजारच्या दाताहून लांब दिसते. किंवा स्क्रू ओठाकडे झुकल्याने त्याचे भोक दाताच्या दर्शनी भागावर येते. किंवा पातळ हिरडीतून धातूची करडी छटा डोकावते. अशा रुग्णाला 'रोपण यशस्वी आहे' असे सांगणे म्हणजे त्याच्या हातातील आरशाला खोटे ठरवणे होते.

१८/
पुढच्या दातात हिरडीचे महत्त्व दाताइतकेच असते. दोन दातांमधील हिरडीचा त्रिकोण नाहीसा झाला की काळी फट दिसते. १९९२ साली डेनिस टार्नो आणि सहकाऱ्यांनी नैसर्गिक दातांमध्ये मोजमाप केले. दातांच्या स्पर्शबिंदूपासून हाडापर्यंतचे अंतर ५ मिलिमीटर वा कमी असेल तर हा त्रिकोण जवळजवळ नेहमी भरलेला असे. ६ मिलिमीटरला हे प्रमाण ५६ टक्के आणि ७ मिलिमीटरला २७ टक्के. एकेका मिलिमीटरचा हिशेब असा समोर आला.

१९/
१९९५ साली अटलांटाचे डेव्हिड गार्बर यांनी दिशा स्पष्ट शब्दांत मांडली : रोपणाचे मार्गदर्शन अंतिम दाताने करावे. उर्स बेल्सर यांच्यासमवेत त्यांनी हाच विचार पुढे नेला. आधी हवा तो दात ठरवा. त्या दातासाठी स्क्रू कोठे हवा ते काढा. तेथे हाड नसेल तर हाड तयार करा. हाडामागे दात जाण्याऐवजी दातामागे हाड येऊ लागले. डिजिटल आराखड्याचे तत्त्वज्ञान येथे पूर्ण झाले. साधने अजून यायची होती.

२०/
सुरुवातीस ही उलटापालट मेणात आणि प्लास्टरमध्ये चाले. तोंडाचे माप घ्यायचे, प्लास्टरचा जबडा ओतायचा, रिकाम्या जागी मेणाचा दात घडवायचा, त्यावर पारदर्शक प्लास्टिकची पट्टी तयार करायची आणि तीत ड्रिलसाठी भोक पाडायचे. दंतशाळेतील तंत्रज्ञाचे कसब त्यात पणाला लागे. पण प्लास्टरला हिरडीपर्यंतच ठाऊक असते. हिरडीखाली हाड आहे की पोकळी, हे तो साचा सांगू शकत नव्हता.

२१/
हाडाची जाडी दाखवणारे यंत्र दुसऱ्याच कामासाठी जन्मले होते. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळील ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात, मेंदूत गाठ असल्याचा संशय असलेल्या स्त्रीचा पहिला सीटी स्कॅन झाला. यंत्र ईएमआय कंपनीतील अभियंते गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांचे होते. त्या चित्रात ८० गुणिले ८० एवढेच चौकोन होते. १९७९ साली हाउन्सफील्ड आणि ॲलन कॉरमॅक यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

२२/
१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात जबड्याच्या वक्ररेषेला धरून आडवे छेद दाखवणाऱ्या संगणक प्रणाली आल्या. एकेका दाताच्या जागी हाड किती जाड आहे, हे प्रथमच मोजता येऊ लागले. पण हे छेद फिल्मवर छापून येत. दंतवैद्य प्रकाशपेटीवर फिल्म लावून पट्टीने अंतर मोजत आणि तो आकडा मनात धरून शस्त्रक्रियेला उभे राहत. चित्र आणि हात यांच्यामध्ये स्मरणशक्तीचाच पूल होता.

२३/
१९९३ साली 'सिमप्लांट' ही प्रणाली आली आणि आभासी स्क्रू पडद्यावरील हाडात फिरवून पाहता येऊ लागला. तरी हवा असलेला दात स्कॅनमध्ये दिसणार कसा? तो तर अस्तित्वातच नव्हता. उपाय जुन्याच कारागिरीतून निघाला. प्लास्टिकच्या दातात बेरियम सल्फेट मिसळायचे, तो रुग्णाच्या तोंडात ठेवायचा आणि मग स्कॅन करायचा. बेरियम किरणांना अडवते. भावी दात आणि आजचे हाड एका चित्रात भेटले.

२४/
बेल्जियममधील लूवेन येथील संशोधकांनी १९९० च्या दशकात आणखी एक युक्ती रूढ केली. तोंडात ठेवायच्या पट्टीवर गट्टापर्चाचे, म्हणजे दाताच्या मुळात भरतात त्या पदार्थाचे, छोटे ठिपके लावायचे. एक स्कॅन रुग्णाचा पट्टीसह, दुसरा फक्त पट्टीचा. ठिपक्यांवर ठिपके जुळवले की हाडाच्या चित्रावर भावी दातांचे स्वच्छ चित्र बरोबर बसे.

२५/
आराखडा पडद्यावरून तोंडात नेण्याचा मार्ग अमेरिकेतील चार्ल्स हल यांच्या शोधाने दिला. द्रव राळेवर प्रकाश टाकून ती थराथराने घट्ट करण्याच्या तंत्राचे पेटंट त्यांना १९८६ साली मिळाले. याच तंत्राने पुढे सर्जिकल गाइड छापले जाऊ लागले. गाइड शेजारच्या दातांवर टोपीसारखे बसते आणि त्यातील नळी ड्रिलला ठरलेल्या जागी, ठरलेल्या कोनात, ठरलेल्या खोलीपर्यंतच जाऊ देते. स्मरणशक्तीच्या पुलाची जागा एका वस्तूने घेतली.

२६/
मात्र एका दातासाठी रुग्णालयातील सीटीचा किरणोत्सर्ग सोसावा का, हा केल्स यांच्या काळापासूनचा प्रश्न उरला होता. उत्तराची बीजे एका मोटार कंपनीत होती. १९८४ साली फोर्ड कंपनीतील फेल्डकांप, डेव्हिस आणि क्रेस यांनी शंकूच्या आकाराच्या किरणझोतातून त्रिमितीय चित्र उभारण्याचे गणित प्रसिद्ध केले. यंत्राचे भाग न फोडता तपासणे, हा त्यामागील उद्योगाचा हेतू होता.

२७/
१९९८ साली इटलीतील व्हेरोना येथील पिएरो मोत्सो आणि सहकाऱ्यांनी याच तत्त्वावरील दंतवैद्यकीय यंत्राची माहिती प्रसिद्ध केली. जपानमध्ये योशिनोरी अराई त्याच सुमारास अशाच दिशेने काम करत होते. रुग्णाभोवती एक फेरी, पारंपरिक सीटीहून बराच कमी किरणोत्सर्ग आणि दवाखान्यात मावेल असे यंत्र. हाच आजचा 'सीबीसीटी'. भारतात अशा यंत्रांना परवाना लागतो तो मुंबईतील अणुऊर्जा नियामक मंडळाचा. दातांच्या दवाखान्यातील छोटे यंत्रही अणुभट्टीवर देखरेख करणाऱ्या संस्थेच्याच कक्षेत येते.

२८/
उरला होता पृष्ठभाग. स्कॅनमध्ये हाड चांगले दिसते; पण हिरडीची कड पुसट होते आणि चांदी भरलेल्या दातांभोवती चित्र विस्कटते. त्याला पूरक तंत्र प्रकाशाने माप घेण्याचे. फ्रान्समध्ये फ्राँस्वा द्युरे यांनी १९७० च्या दशकात त्याची कल्पना मांडली. झुरिचमध्ये व्हेर्नर म्योरमान आणि मार्को ब्रांडेस्टिनी यांनी १९८५ साली ते रुग्णावर वापरले. रुग्ण खुर्चीत असतानाच दाताचा चिनी मातीचा भराव कोरून बसवला.

२९/
हे सारे धागे एकत्र आले की आजचा आराखडा तयार होतो. सीबीसीटीतून हाड, तोंडातील स्कॅनरमधून दात व हिरडी, छायाचित्रातून ओठ आणि हास्यरेषा. उरलेल्या दातांच्या कठीण पृष्ठभागांवरून ही चित्रे एकमेकांवर जुळवली जातात. मग पडद्यावर आधी दात रेखला जातो, शेजारच्या दाताशी तोलला जातो आणि शेवटी त्याच्या मागे स्क्रू ठेवला जातो. क्रम गार्बर यांचाच. मेण तेवढे विरघळले आहे.

३०/
स्क्रू ठेवायचा कोठे, याची भाषाही याच काळात घडली. २००४ साली डॅनियल बुझर, विल्यम मार्टिन आणि उर्स बेल्सर यांनी वरच्या पुढच्या दातांसाठी 'सुखरूप' आणि 'धोक्याचे' असे पट्टे आखले. स्क्रू ओठाकडे सरकला तर हिरडी मागे हटते; शेजारच्या दाताला दीड मिलिमीटरहून जवळ गेला तर मधला त्रिकोण धोक्यात येतो; फार खोल गेला तरी हाड झिजते. भावी हिरडीच्या कडेखाली सुमारे ३ मिलिमीटर, हा रूढ संकेत झाला.

३१/
ही दक्षता का लागते, याचे उत्तर जीवशास्त्रात आहे. २००५ साली माउरिसिओ अराउजो आणि यान लिंडे यांनी कुत्र्यांवरील अभ्यासात दाखवले की दात काढल्यानंतर अवघ्या आठ आठवड्यांत ओठाकडची भिंत लक्षणीय झिजते. त्या भिंतीचा वरचा भाग दाताच्या आधारानेच जगत असतो. दात गेला की त्याचे प्रयोजन संपते. स्कॅन हा एका दिवसाचा पुरावा असतो. हाड मात्र पुढेही बदलत राहते.

३२/
आता खरी कसोटी. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यात गाइड वापरून बसवलेल्या दोन हजारांहून अधिक इम्प्लांटचा विचार झाला. आराखडा आणि प्रत्यक्ष यांत सरासरी फरक निघाला तो असा : हाडात शिरतानाच्या बिंदूपाशी १.२ मिलिमीटर, टोकाशी १.४ मिलिमीटर, कोनात ३.५ अंश. म्हणून किमान २ मिलिमीटरची सुरक्षित मोकळीक ठेवावी, असे सांगितले गेले.

३३/
हा आकडा पहिल्या नोंदीतील भिंतीशेजारी ठेवून पाहावा. भिंत एक मिलिमीटरहून पातळ. सरासरी चूक १.२ मिलिमीटर. १२ मिलिमीटर लांबीच्या स्क्रूत साडेतीन अंश म्हणजे टोकाशी सुमारे पाऊण मिलिमीटरची ढळ. पडद्यावर दशांशात दिसणारी अचूकता तोंडात तशीच उतरत नाही. स्कॅनच्या वेळी रुग्ण किंचित हलतो, चित्रे जुळवताना सरकतात, गाइड पुरते टेकत नाही, नळीत ड्रिल थोडे डुलते. प्रत्येक पायरी आपला अंश वाढवते.

३४/
यावर उपाय म्हणून ड्रिलचा मागोवा घेणारे कॅमेरे आले, मग रोबो आले. सप्टेंबर २०१७ मध्ये चीनमधील शिआन येथे एका रोबोने आराखड्याबरहुकूम एका स्त्रीच्या तोंडात दोन इम्प्लांट बसवले. दंतवैद्य शेजारी उभे होते, पण हात चालत होता तो यंत्राचा. चूक आणखी घटेल. तरीही रोबो आराखड्याचेच पालन करतो. आराखड्यात दात चुकीच्या जागी रेखला असेल, तर तोही तो निष्ठेने चुकीच्याच जागी बसवील.

३५/
म्हणून डिजिटल आराखड्याचा मोठा उपयोग स्क्रू अचूक बसवण्याइतकाच 'येथे बसवू नका' हे वेळेवर सांगण्यात आहे. पडद्यावर कळते की भिंत उरलेलीच नाही, आधी हाड भरावे लागेल. किंवा जागा अपुरी आहे, आधी तारा लावून दात सरकवावे लागतील. किंवा ज्याच्या चेहऱ्याची वाढ अजून चालू आहे अशा मुलाला थांबावे लागेल; कारण शेजारचे दात वाढीबरोबर खाली येत राहतील आणि इम्प्लांट मात्र जागचा हलणार नाही.

३६/
दुसरा बदल अधिकाराचा आहे. हंटर यांच्या खुर्चीत रुग्णाला दात बसेल की नाही हे दात उपटल्यावर कळे आणि देणाऱ्याला तर कोणी विचारतही नसे. ब्रोनेमार्क यांच्या काळात हाड पाहिले जाई ते हिरडी उघडल्यावर. आज काहीही कापण्यापूर्वी रुग्ण भावी दात पाहू शकतो, तात्पुरता तोंडात लावून बघू शकतो आणि नको म्हणू शकतो. नकार देण्यासाठी आधी दिसावे लागते.

३७/
याच पडद्याचा दुसरा वापरही होतो. सुंदर हास्याचे चित्र आधी दाखवले की उपचार विकणे सोपे जाते. त्या चित्रात हिरडी नेहमी गुलाबी असते आणि हाड कधीच झिजत नाही. गाइडच्या दिमाखात हाडाचा छेद दाखवायचा राहून गेला, तर रुग्णाने पाहिलेला आराखडा अपुरा असतो. दातासोबत त्याच्या मागची भिंतही दाखवणे, तिची जाडी मिलिमीटरमध्ये सांगणे आणि चुकीला किती वाव ठेवला आहे हे बोलून दाखवणे, एवढे झाले तरच त्याला आराखडा म्हणता येते.

३८/
एट्रुस्कन सोनाराने शेजारचा दात पाहिला. हंटर यांनी गरिबांची रांग पाहिली. वाल्कहॉफ यांनी सावली पाहिली, ब्रोनेमार्क यांनी उघडे हाड पाहिले, गार्बर यांनी अजून न घडलेला दात पाहिला. आजच्या पडद्यावर हे सारे पाहणे एकत्र आहे. त्यात भर घालायची ती ओठाकडच्या त्या पातळ भिंतीची. दोन हजारांहून अधिक इम्प्लांटचा हिशेब सांगतो की तिच्याशी चुकीला फारशी जागा नाही.

(धागा समाप्त)